बेदाण्याचं शेड आणि 'केप'चा आकडा: चार महिन्यांचा अनुभव

तासगाव तालुक्यात सावळजला आमचं बेदाण्याचं शेड आहे. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत मोबाइलवर रोज 'केप' बघितला. जमिनीलगतची गरम, दमट हवा वर निघाली तर भोवतालच्या गार हवेत तिला किती जोर मिळेल, ते हा आकडा जूल प्रति किलोमध्ये सांगतो. 1000 च्या आत ढगात फारसा दम नसतो, 2500 च्या पुढं वळीव जोरात होऊ शकतो.

सुरुवातीला मी नुसता हाच आकडा धरून बसलो आणि तिथंच फसलो. मार्चअखेर एकदा 1800 दिसला. पळापळ करून शेडचे सगळे पडदे सोडले. रात्रीपर्यंत एक थेंब नाही. डिपिंग करून, म्हणजे द्राक्षं द्रावणात बुडवून, माल नुकताच रॅकवर टाकलेला, आत हवा कोंडली आणि खालच्या दोन रॅकवरचे मणी चिकट झाले. उगीच पडदे सोडणंही महागात पडतं.

मग 'सिन' बघायला लागलो, म्हणजे ढगाला अडवणाऱ्या झाकणाचा आकडा. वर उबदार हवेचं झाकण बसलेलं असलं की खालची हवा तिथंच अडते. केप कितीही असो, ढग उभा राहत नाही. ऊन तापेल तसं झाकण पातळ होतं. म्हणून आता सकाळचा आकडा सोडून दुपारी तीनचा अंदाज बघतो, आणि सोबत दवबिंदू, म्हणजे हवेत ओल किती ते सांगणारा आकडा.

एप्रिलमध्ये एका दुपारी केप 2600, सिन जवळजवळ शून्य, दवबिंदू 21 अंश. आबांना विचारलं, "पडदे सोडूया का?" ते टॉवेलनं मान पुसत म्हणाले, "सोड. सकाळधरनं घाम वाळंना झालाय." चारला कवठेमहांकाळच्या बाजूला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग चढले, वारं फिरलं, धुरळा उठला. पाऊण तास झोडपलं, पण माल कोरडा राहिला. दवबिंदू म्हणजे आबांचा घामच की, हे मला तेव्हा उमगलं.

नेमका कुठल्या गावात पडेल ते मात्र यातून कळत नाही. हवामानाच्या मॉडेलचा एकेक चौकोन काही किलोमीटरचा. मणेराजुरीत गारा आणि आमच्याकडं ऊन, असंही झालं. त्यामुळं पडदे बांधून तयार ठेवायचे की नाही एवढंच केपवर ठरवतो, सोडायचे कधी ते रडार आणि पूर्वेचं आभाळ बघून. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप वेगळं ठेवलंय. ते वाजलं की गडी माणसांना बागेतून आधी आत घेतो.

पुढच्या हंगामाला रोजचे तीनही आकडे वहीत उतरवणार आहे, शेजारी आबांचा शेराही.