दहापट भिंग आणि खिशातला वजनकाटा : चूक टाकसाळीची की इजा नंतरची?

दिवाळीनंतर मी नाणी तपासण्यासाठी दोन वस्तू विकत घेतल्या. इंदूरच्या सराफ्यात सोनारांची अवजारे विकणाऱ्या एका दुकानातून तीन काचा जोडून केलेले दहापट भिंग ₹१,१५० ना घेतले, आणि जेल रोडवरून २०० ग्रॅम क्षमतेचा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला वजनकाटा ₹६५० ना घेतला. सहा महिने या दोन्ही वस्तू जवळजवळ रोज हाताळल्यावर, एरर नाण्यांकडे, म्हणजे टाकसाळीतच चुकीच्या छापल्या गेलेल्या नाण्यांकडे, नव्याने वळलेल्या मंडळींसाठी त्यांच्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले. टाकसाळीत झालेली चूक कोणती आणि नाणे बाहेर पडल्यावर त्याला झालेली इजा कोणती, हे न कळल्यामुळे पैसे घालवणारे लोक मी दर प्रदर्शनात पाहतो. त्यांच्यात एकदा मीही होतो.

परगावच्या एका प्रदर्शनात मला पाच रुपयांचे जुने, जाड नाणे ‘ब्रोकेज’ म्हणून ₹१,८०० ना विकले गेले. एका बाजूला सिंहमुद्रा नेहमीसारखी उठावदार होती आणि दुसऱ्या बाजूला पाचाचा आकडा उलटा, म्हणजे आरशात दिसावा तसा, आत दबलेला होता. नुसत्या डोळ्यांना ते फार सुंदर दिसत होते. घरी आणून नव्या काट्यावर ठेवले तर वजन ८.९८ ग्रॅम भरले. या नाण्याचे ठरलेले वजन ९ ग्रॅम असल्यामुळे माझा विश्वास उलट वाढला.

भिंगाने तो मोडला. दबलेल्या पाचाच्या भोवती मूळच्या उठावदार पाचाचे आणि फुलांच्या नक्षीचे चपटे झालेले अवशेष स्वच्छ दिसत होते, आणि मागे सिंहांच्या आयाळीचा नेमका मधला भाग घासल्यासारखा सपाट झाला होता. खरे ब्रोकेज होते ते असे : आधी छापलेले नाणे बाहेर न पडता एका ठशाला, म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणाऱ्या साच्याला, चिकटून राहते, पुढची कोरी चकती आली की त्या बाजूला ठशाऐवजी चिकटलेल्या नाण्याचाच दाब बसतो, आणि म्हणून तिथे मूळ नक्षी कधी उमटलेलीच नसते. त्यामुळे तिचे अवशेष राहण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय चिकटलेल्या नाण्याची उघडी बाजू आणि समोरच्या ठशाची बाजू एकच असते, तेव्हा खऱ्या ब्रोकेजवर दोन्हीकडे एकच चित्र हवे, एकीकडे सरळ व उठावदार आणि दुसरीकडे उलटे व दबलेले. सरळ सिंहमुद्रा आणि उलटा पाच हे एका ठोक्यात जुळून येऊ शकत नाही. कोणीतरी दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये आवळली होती. आवळल्याने धातू कमी होत नाही, म्हणून काट्याला काही कळले नाही. आणि म्हणूनच दोहोंपैकी एकच वस्तू घेणे परवडत असेल तर भिंग घ्यावे, असे मी सांगेन.

भिंगातून काय शोधायचे हे समजण्यासाठी एकच गोष्ट मनात पक्की असावी लागते. ठशावर चित्र खोल कोरलेले असते आणि नाण्यावर ते उठून येते. म्हणून ठशाला तडा गेला तर त्या तड्यात धातू शिरून नाण्यावर उठलेली रेघ येते; ठशाचा काठाजवळचा तुकडाच उडाला तर तिथे नक्षी नसलेला उंचवटा येतो. याउलट नाण्यावर कोणी खिळ्याने ओरखडा काढला तर रेघ खोल जाते आणि तिच्या कडेला बाजूला सारलेल्या धातूची बारीक वरंबीसारखी धार उभी राहते. टाकसाळीच्या दाबाखाली धातू वाहतो, बाहेरच्या इजेत तो ढकलला जातो. दहापट भिंगाखाली, उजेड तिरपा धरला की, ही धार स्पष्ट चमकते.

उजेडाचा मुद्दा मी मुद्दाम लिहितो आहे, कारण या भिंगाआधी मी ऑनलाइन मागवलेले, ‘४० पट’ असे छापलेले आणि काचेभोवती दिव्यांचे कडे असलेले एक स्वस्त भिंग वापरले होते. त्यातून चाळीसपट काही दिसत नव्हते, अक्षरांच्या कडांना निळे-तांबडे रंग यायचे, आणि चारही बाजूंनी सारखा उजेड पडल्यामुळे उंच काय आणि खोल काय हेच कळेनासे व्हायचे. नव्या भिंगाला दिवा नाही आणि त्याची गरजही नाही. ते डोळ्याला जवळजवळ टेकवावे, नाणे सुमारे अडीच सेंटिमीटरवर आणावे, आणि टेबलावरच्या दिव्याखाली नाणे सावकाश फिरवावे. काठापर्यंत चित्र सरळ व रंगांशिवाय दिसते. उणीव म्हणायची तर पाते उघडण्याचा खिळा चार महिन्यांतच सैल झाला. तो सोनाराकडून आवळून घ्यावा लागला.

दुहेरी दिसणाऱ्या अक्षरांच्या बाबतीत या भिंगाने माझा सर्वांत जास्त गोंधळ दूर केला. ठसा तयार होतानाच चित्र दोनदा उमटले असेल तर दोन्ही अक्षरे गोलसर, पूर्ण उंचीची असतात आणि टोकांना खाच दिसते. छापून झाल्यावर सैल ठसा किंचित सरकल्याने जे दुहेरीपण येते ते अक्षराच्या बाजूला सपाट, पायरीसारखे असते आणि त्यात अक्षराचीच जाडी खाल्ली जाते. हे दुसरे प्रकरण अतिशय सामान्य आहे. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

आता काट्याबद्दल. तो पाकिटाएवढा आहे, झाकणाचा ताटलीसारखा उपयोग होतो, पण त्याच्या शेवटच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. एकच नाणे पाच वेळा ठेवले तर माझ्या काट्यावर ०.०२ ग्रॅमपर्यंत फरक येतो. पंखा चालू असेल तर आकडा ठरतच नाही. मिनिटभरात तो आपोआप बंद होतो, हे एकामागून एक नाणी तोलताना फार त्रासदायक आहे. जुळवणीसाठी लागणारे १०० ग्रॅमचे वजन सोबत मिळाले नाही. ते वेगळे घ्यावे लागले. ओळखीच्या सराफ काकांकडे काचेच्या पेटीतला काटा आहे. त्यांनी माझी दहा नाणी दोन्ही काट्यांवर तोलून पाहिली आणि म्हणाले, “भाऊ, सोनं तोलायला हा घेऊ नका, नाण्याला मात्र चालेल.” आपल्याला शोधायचे असतात ते फरक बहुधा याहून पुष्कळ मोठे असतात, त्यामुळे मला त्यांचे म्हणणे पटते.

उदाहरणार्थ, ‘पातळ चकतीची चूक’ म्हणून माझ्याकडे आलेले दोन रुपयांचे अकरा कोनांचे नाणे ६ ग्रॅमऐवजी ४.३१ ग्रॅम भरले. वजन खरोखरच कमी होते, पण व्हर्नियरने मोजल्यावर २६ मिलिमीटरच्या जागी २५.२ मिलिमीटर व्यास मिळाला. नाणे छापताना चकती कॉलर नावाच्या पोलादी कड्यात बसलेली असते आणि धातू त्या कड्यापर्यंत पसरतो, म्हणून चकती पातळ निघाली तरी व्यास सहसा पूर्ण असतो. इथे व्यास, जाडी, अक्षरे सगळे सारखेच झिजले होते आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे होते. ते आम्लात बुडवलेले नाणे होते.

याच्या उलट अनुभव एक रुपयाच्या स्टीलच्या नाण्याचा. ४.८५ ग्रॅमचे ते नाणे ४.४१ भरले आणि त्याच्या काठाला चंद्रकोरीसारखा कापलेला भाग होता. कानशीने घासून असा काप कोणीही करू शकतो, म्हणून मी आधी समोरचा काठ पाहिला. धातूच्या पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर आधीच्या भोकाचा काठ नव्या चकतीत येतो. पुढे चकतीची कड उचलणाऱ्या यंत्रात कापाच्या जागी दाबायला धातूच नसतो, त्यामुळे तिच्या नेमक्या समोरच्या बाजूलाही पुरेसा दाब बसत नाही आणि तिथली कड बसकी राहते. या नाण्यावर ती तशीच बसकी होती, आणि कापाजवळची अक्षरे तुटलेली नसून कापाच्या दिशेने पसरत पुसट झाली होती. कापाच्या आत कानशीची एकही रेघ नव्हती. हे नाणे मी विकणार नाही.

दहा रुपयांच्या दुरंगी नाण्यांबद्दल थोडक्यात : मधला पांढरा भाग सरकलेला असेल तर नक्षी त्या सांध्यावरून सलग गेलेली आहे का, एवढे भिंगाने पाहावे. भाग ठोकून काढून पुन्हा बसवलेला असेल तर नक्षी सांध्यावर अडखळते आणि कड्याच्या आतल्या बाजूला ओरखडे असतात. काट्यासोबत एक साधा लोहचुंबकही ठेवावा. स्टीलचे नाणे त्याला चिकटते, तांबे-निकेलचे चिकटत नाही, आणि भलत्याच चकतीवर छापल्याचा दावा असेल तर सुरुवात तिथूनच करावी.

हे सगळे यंत्राने छापलेल्या नाण्यांना लागू आहे, हे इंदुरात राहून विसरता येत नाही. आपल्याकडे घरोघरी होळकरांची जुनी नाणी निघतात. अहिल्याबाईंच्या काळातल्या महेश्वर टाकसाळीच्या, शिवलिंग आणि बेलाचे पान असलेल्या रुपयावर अर्धा मजकूर काठाबाहेर गेलेला पाहून ‘ऑफ-सेंटर’ म्हणणे चुकीचे आहे. त्या काळी हाताने घण मारून नाणी पाडत, आणि ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. म्हणून पूर्ण मजकूर एका नाण्यावर मिळणे हीच दुर्मीळ गोष्ट. यंत्राच्या नाण्यावर जी चूक ठरते ती तिथे रीतच होती.

गेल्या महिन्यात रामबागेत राहणाऱ्या माझ्या मावशींनी लक्ष्मीपूजनाच्या ताटातला राणीच्या छापाचा, १८६२ साल असलेला रुपया माझ्यापुढे ठेवला. “अरे, राणीच्या गालावर हे चांदणीसारखं काय आहे? एक जण म्हणाला, फार महाग जातं,” त्या म्हणाल्या. काट्यावर तो ११.५९ ग्रॅम भरला. मूळ वजन ११.६६, म्हणजे एवढ्या वापराच्या मानाने उत्तम. भिंगाखाली ती चांदणी खोल गेलेली होती, तिच्या भोवती ढकललेल्या चांदीची धार होती, आणि काठावर, राणीच्या मुकुटाच्या वर, डाक, म्हणजे सांधा जोडण्यासाठी वितळवून लावलेला धातू, घासून काढल्याची मळकट जागा होती. चांदणी हा कोणा सराफाने चांदी पारखताना मारलेला ठसा, आणि वरच्या जागी कधीकाळी कडी लावून तो रुपया गळ्यात घातलेला. मी तसे सांगितल्यावर मावशींनी भिंग स्वतःच्या हातात घेतले, बराच वेळ ती डाकाची जागा पाहिली, आणि त्यांच्या आजेसासूबाईंच्या माळेत असे अकरा रुपये होते हे पहिल्यांदाच सांगितले.