ढीग रचावा की गांडुळं पाळावीत?

कचऱ्याचं खत करायचं असेल आणि बागेत जागा, पालापाचोळा भरपूर असेल तर माझं मत सरळ ढिगाच्या बाजूने आहे. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी साधारण 1 मीटर ठेवून एकदम रचला की ढीग आतून 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. या उष्णतेत तणांच्या बहुतेक बिया आणि रोगजंतू मरतात. काही दिवसांनी फावड्याने उकरलं की वाफ निघते, आतली पानं काळपट, मऊ झालेली दिसतात. ते बघण्यात फार समाधान आहे!

मेहनत मात्र आहे. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट वाळका पाला हवा आणि आठवड्यातून एकदा वरखाली करायला हवं. घाण वास सुटला तर ओल जास्त झाली, हवा कमी पडली असं समजा; वाळका पाला मिसळून उलथा. रोज मूठमूठ कचरा टाकत गेलात तर ढीग तापत नाही. कुजतो, पण सावकाश.

नेमका तोच मूठभर कचरा गांडुळांना पुरतो. गांडुळांची पेटी सज्जातही मावते, ढवळावी लागत नाही, खतही बारीक, रवाळ मिळतं. पण हे जिवंत जीव आहेत. 15 ते 25 अंश त्यांना मानवतं, 35 च्या वर ते मरू लागतात, म्हणून सावली हवीच. लिंबाच्या साली, तेलकट उरलंसुरलं नको. बागेतली खोल बिळं करणारी गांडुळं पेटीत टिकत नाहीत. कुजक्या कचऱ्यात राहणारी लाल, बारीक जातच आणा. बी धरलेलं तण पेटीत कधीच टाकू नका, ते कुंडीत पुन्हा उगवतं.