काटा हलेना, पाणी टिकेना: कूलंटची गळती शोधायला प्रेशर टेस्टर बरा की यूव्ही डाय?

आमच्या गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, चिपळूणला जाताना कमी व्हायचं नाही, येताना व्हायचं. २००८ ची डिझेल गाडी, आठ सीटची. येताना माणसं सात, शिवाय तांदूळ, नारळ आणि हंगाम असेल तर दोन फणस. एवढं सगळं घेऊन कुंभार्ली घाट चढायचा, कोयनानगरला चहा, पाटण, उंब्रज, पुणे. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीचं बॉनेट उघडलं की रिझर्व्ह बाटली खालच्या खुणेच्याही दोन बोटं खाली. गाडीखाली थेंब नाही. पुढे महिनाभर गावात चालवा, पातळी जागची हलायची नाही.

अशा वेळी गॅरेजवाले दोन गोष्टी सुचवतात. प्रेशर टेस्टर लावून बघू, नाहीतर कूलंटमध्ये डाय, म्हणजे यूव्ही टॉर्चखाली चमकणारा रंग, टाकून बघू. मी दोन्ही करून बसलोय, टेस्टर दोनदा आणि डाय एकदा. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, म्हणून आधी टेस्टरच्या बाजूने जे बोलायचं ते बोलून घेतो.

टेस्टर सरळमार्गी आहे. थंड गाडीच्या रेडिएटरवर झाकणाच्या जागी तो बसवायचा, झाकणावर ०.९ किंवा १.१ असा जो आकडा असतो तेवढा बार दाब हातपंपाने भरायचा आणि पंधरा-वीस मिनिटं काट्याकडे बघत राहायचं. होज फाटलाय, क्लिप ढिली झालीय, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे दुमडून बसवलेली असते तिथे सांधा सुटलाय, असलं काही असेल तर डोळ्यांदेखत पाणी बाहेर येतं. जुन्या गाड्यांत हा सांधा सुटणं नेहमीचं. दुसरं म्हणजे त्याच पंपावर झाकणही तपासता येतं. ही गोष्ट लोक विसरतात. झाकणाची स्प्रिंग मेली असेल तर दाब धरला जात नाही, पाणी लवकर उकळतं, रिझर्व्ह बाटलीतून उतू जातं आणि आपण बिचाऱ्या रेडिएटरला दोष देत बसतो. कूलंट कमी होत असेल तर दुसरं काहीही करण्याआधी नवीन झाकण टाकून बघा. मी टाकलं होतं. माझ्या बाबतीत उपयोग झाला नाही, पण खर्च इतका किरकोळ की वाईट वाटलं नाही.

आणि हेड गास्केटच्या, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधल्या सीलच्या, बाबतीत तर डायचं काही चालत नाही. कूलंट आत सिलिंडरमध्ये जाऊन जळत असेल तर बाहेर चमकणार काय? तिथे टेस्टरचा काटा खाली येतो आणि बाहेर कुठेच ओल दिसत नाही, हाच मुळात पुरावा. मग जळलेला वायू ओळखणाऱ्या निळ्या द्रवाची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरायची. आत जळलेला वायू येत असेल तर निळा रंग बदलून पिवळट होतो, डिझेल गाडीत हिरवट. सायलेन्सरमधून पांढरा धूर, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, ऑइल दुधाळ, यातलं काहीही दिसलं तर पुढचं वाचू नका, आधी तिकडे जा.

आता माझी तक्रार.

टेस्टरला गाडी थंड लागते. ते बरोबरच आहे, गरम रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे तोंडावर उकळतं पाणी घेणं. पण आपण गॅरेजला गाडी चालवत नेतो, म्हणजे ती गरमच पोचते. मग एकतर दोन-तीन तास तिथल्या बाकावर बसा, नाहीतर रात्रभर गाडी ठेवून रिक्षाने घरी या. आमच्याकडे हीच एक गाडी. आईचं फिजिओथेरपीला नेणं-आणणं, मुलांचे क्लास, सगळं तिच्यावर. तरी दोनदा ठेवली. दोन्ही वेळा सकाळी फोन आला, “काका, काटा हलत नाही. लीक नाहीये, बिनधास्त घेऊन जा.”

बिनधास्त घेऊन गेलो आणि पुढच्या चिपळूणवारीत पुन्हा दोन बोटं कमी.

दुसऱ्या वेळी मी सकाळी मुद्दाम लवकर जाऊन समोर उभा राहिलो. त्याने सगळं नीट केलं, खोट काढायला जागा नव्हती. वीस मिनिटं काटा एका रेघेवर. मला तो काटा म्हणजे परीक्षेत पास झाल्याचा दाखला वाटायला लागला, आणि पेपर मात्र भलत्याच विषयाचा. गाडी उभी, इंजिन बंद, सगळं गार. माझी गळती तर चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, सात माणसं घेऊन होत होती. उभ्या गाडीला विचारून चालत्या गाडीचं उत्तर कसं मिळणार? गार असताना टेस्टर चढवून मग इंजिन सुरू करून बघणारे मेकॅनिक आहेत म्हणे, आणि तसं केलं तर कदाचित माझं मत वेगळं झालं असतं. मला काही तसा कुणी भेटला नाही.

डायकडे मी वळलो तो खरं तर वैतागून. बाटली आणि यूव्ही टॉर्च मिळून हजाराच्या आसपास गेले. घेताना एकच बघायचं, डाय पाण्यात मिसळणारा, कूलंटसाठीचा हवा. एसीच्या गॅससाठी किंवा इंजिन ऑइलसाठी येतो तो तेलात मिसळणारा असतो, तो इथे कामाचा नाही. आणि थंड गाडीच्या रेडिएटरमध्येच ओता. रिझर्व्ह बाटलीत ओतलात तर तो तिथेच लोळत बसतो, इंजिनात पोचायला दिवस लागतात. ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं आणि दाबाची टाकी वेगळी असते, तिथे अर्थात टाकीतच.

मी ओतताना थोडा सांडला. पहिल्या रात्री टॉर्च मारला तर रेडिएटरच्या वरच्या अंगाला दिवाळी. सगळीकडे पोपटी. वॉचमन लांबून बघत होता, शेवटी जवळ येऊन विचारलंच, “काय शोधताय?” पाणी शोधतोय म्हटल्यावर त्याने नळ कुठे आहे ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी सगळं धुतलं, पुसलं, आणि मग गाडी विसरून गेलो.

हे विसरून जाता येणं मला डायमध्ये सर्वांत आवडलं. गाडी अडकून पडत नाही. आई फिजिओथेरपीला गेली, मुलं क्लासला गेली, आम्ही गणपतीला चिपळूणला जाऊन आलो. परत आल्यावर रात्री साडेदहाला पार्किंगमधले दिवे बंद करून, पिवळा चष्मा लावून टॉर्च मारला. वॉटर बॉडीच्या, म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या, खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर पडावं म्हणून ते ठेवलेलं असतं. त्या भोकातून एक पोपटी रेघ खाली आली होती आणि अर्ध्या वाटेत पंख्याच्या वाऱ्याने मागे वळली होती. दिवसा त्याच जागी मी हात फिरवला होता. तिथे थोडी पांढरट खपली होती, ती मला धूळ वाटली होती.

सगळं जुळलं. शाफ्ट फिरत असताना आणि इंजिन तापल्यावरच ते सील सोडत होतं. येणारा थेंब गरम ब्लॉकवरच वाळून जायचा, म्हणून जमिनीवर काही नाही. गाडी थंड आणि उभी असली की सील गपचूप बसायचं, म्हणून काटा हलत नव्हता. मेकॅनिक खोटं बोलत नव्हता.

डायचे दोष नाहीत असं नाही. तो कूलंट जिथे जिथे गेलं तिथे तिथे चमकतो. कुठून निघालं ते तुम्हालाच ओळखावं लागतं. नियम सोपा: चमकणारी सगळ्यात उंच आणि सगळ्यात पुढची जागा धरा, बाकी वाऱ्याने उडालेलं समजा. दुरुस्तीनंतर इंजिन धुतलं नाहीत तर जुना डाग बघून पुन्हा झोप उडते. काही हिरवी कूलंट मुळातच यूव्हीखाली थोडी चमकतात, त्यामुळे आधी एकदा डाय न टाकताच टॉर्च मारून बघावा. आणि ट्रकवाल्यांचं ऐकून कुणी रेडिएटरमध्ये हळद किंवा लीक बंद करायची पावडर टाकली असेल तर गळती अर्धवट बुजते, कधी होते कधी नाही, मग कुठलीच पद्धत धड उत्तर देत नाही. त्यातून हीटरची बारीक जाळी तुंबली तर डोकेदुखी आणखी वाढते. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्हच, काढून टाकणारे मेकॅनिकही भेटतात. त्यांना हात जोडावेत आणि निघावं.

पावसाळ्यात तर मला डायच बरा वाटतो. बाहेर सगळंच ओलं असतं आणि भरीला एसीचं पाणी. डावीकडे टपटपणारं पाणी बघून आमच्या सोसायटीत किती जणांनी गळती गळती म्हणून गाडी गॅरेजला नेली असेल. बोटाला चोळून बघा: एसीचं पाणी साधं पाणी असतं, कूलंट बुळबुळीत लागतं आणि वाळलं की चिकटतं. चव मात्र घेऊ नका. इथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं आणि विषारी. डबकं साचत असेल तर ते धुवून टाका, पार्किंगमधली कुत्री-मांजरं चाटतात.

ओम्नी किंवा ईकोसारखी गाडी असेल, जिथे इंजिन पुढच्या सीटखाली आहे, तिथे सीट उचलून अंधारात टॉर्च मारणं अंगठ्याएवढ्या जागेतून टेस्टरखालची ओल शोधण्यापेक्षा मला तरी सोपं वाटेल. पण हे मी स्वतः केलेलं नाही, एवढंच म्हणतो.

वॉटर बॉडी बदलली, सोबत बेल्ट बदलला, कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं करून नवीन भरलं. बोअरचं पाणी ओतण्याची सवय आमच्याही घरात होती, जुनं पाणी काढलं तेव्हा ते चहाच्या रंगाचं निघालं. त्यानंतर चिपळूणला चारदा जाऊन आलो.

टॉर्च सध्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे आहे. त्यांच्या गाडीखाली रोज सकाळी हातभर डबकं असतं. मी त्यांना म्हटलं होतं, तुम्ही आधी टेस्टर लावा, वीस मिनिटांत कळेल. तर म्हणाले, “गाडी रात्रभर कोण ठेवणार हो तिथे?”