वणीचा अभियंत्यांसाठीचा रविवार वर्ग : पहिला महिना अवश्य करावा

चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र, घुग्घुस-वणी पट्ट्यातील कोळसा खाणी आणि गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने यांमुळे आमच्या भागात मोठ्या कंपनीतले अभियंते पुष्कळ आहेत. त्यांचे काम विभागाबाहेर किती जणांना ठाऊक असते, हा वेगळा प्रश्न. वणीत एका निवृत्त अभियंत्यांनी चालवलेला हा वर्ग त्याच प्रश्नाला हात घालतो.

लॉगबुकवरचे, म्हणजे पाळीच्या नोंदवहीवरचे, सत्र सर्वांत उजवे आहे. ‘बेअरिंग गरम, लक्ष ठेवावे’ अशी नोंद पुढच्या पाळीच्या काहीही कामाची नसते. तापमान किती वेळात किती चढले, ग्रीस भरल्यावर उतरले की नाही आणि कंपन मोजायचे राहिले आहे, हे लिहिले तर पुढच्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जे तपासले नाही तेही लिहा, असा सरांचा आग्रह असतो, आणि ज्याची नोंद पुन्हा पडताळावी लागत नाही त्यालाच देखभाल विभाग मध्यरात्री सर्वांत आधी फोन लावतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

बॉयलर नळीच्या गळतीवरचे सत्रही तितकेच कसदार होते. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण भारावर दिवसाला १ कोटी २० लाख युनिट वीज देतो. नळी गळून तो बंद पडला की प्रत्येक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवू लागतो. अशा वेळी ‘नळी बाहेरून झिजली आहे’ हे निरीक्षण आणि ‘राखेच्या घर्षणाने झिजली’ हा निष्कर्ष वेगवेगळे मांडणारा आणि फुटलेला तुकडा प्रयोगशाळेसाठी जपून ठेवणारा अभियंता सगळ्यांच्या लक्षात राहतो.

दुसरा महिना मात्र स्लाइड सजवण्यात आणि लिंक्डइनवर काय टाकावे यात जातो. जिथे संयंत्राचे छायाचित्र काढायलाही परवानगी लागते, तिथे हा सल्ला कितपत चालणार? कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या अभियंत्याचे नाव अहवालावर बहुधा येतच नाही, त्याने काय करावे, यावर वर्गात अवाक्षर निघाले नाही. आमच्याकडे अशांचीच संख्या मोठी असल्याने ही उणीव मला सर्वाधिक खटकली.

शुल्क महिन्यागणिक भरता येते. पाळीत काम करणाऱ्या नवख्यांनी पहिल्या महिन्याचे जरूर भरावे. दुसऱ्याचे मी भरले ते वाया गेले असे वाटते.