दोन आर्कचा सब-आर्क कंट्रोलर: नाशिकच्या अंबडमधल्या शॉपमधून

सब-आर्क म्हणजे फ्लक्सच्या (दाणेदार पावडरीच्या) थराखाली होणारं वेल्डिंग. दोन आर्कच्या मशीनमध्ये एकाच सीमवर, म्हणजे जोडावर, एकामागे एक दोन वायर चालतात आणि कंट्रोलर दोन्ही सांभाळतो. तो विकायला डीलर आला की आधी अँपिअर सांगतो. ते ऐकून घ्या आणि विचारा, दोन्ही आर्कचं सुरू होणं आणि थांबणं वेगवेगळं सेट होतं का? मी पैसे मोजले ते याच एका गोष्टीसाठी.

अंबड एमआयडीसीत आमचं प्रेशर व्हेसलचं, म्हणजे दाबाखाली चालणाऱ्या टाक्यांचं काम. आधी दोन जुने रेक्टिफायर (डीसी करंट देणारी मशीन) होते, दोन्ही आर्क डीसी पॉझिटिव्हवर, म्हणजे वायर पॉझिटिव्हला जोडलेली. करंट एकाच दिशेने, त्यामुळे आर्क एकमेकींकडे ओढल्या जाणारच. फ्लक्सखाली यातलं काही दिसत नाही. वरचा स्लॅग (वितळून गोठलेला फ्लक्स) निघाला की अंडरकट, म्हणजे वेल्डच्या कडेची खाच, मात्र लख्ख दिसतो.

आता पुढची वायर डीसीवर, मागची स्क्वेअर वेव्ह एसीवर. पुढची खोल जाते, मागची भरते आणि बीडला, म्हणजे वेल्डच्या पट्टीला, आकार देते. मागच्या आर्कचा बॅलन्स (एसीतला पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा वाटा) निगेटिव्हकडे नेला की भरण वाढतं, पॉझिटिव्हकडे नेला की पेनिट्रेशन, म्हणजे खोली. जाड शेलच्या (टाकीच्या गोल भिंतीच्या) भरणीच्या रनना आम्ही निगेटिव्ह वाढवतो.

पण खरी कमाल सीक्वेन्सची. पुढची आर्क जिथे पेटली, तिथे मागची वायर पोचल्यावरच ती पेटते. शेवटी पुढची आधी थांबते आणि मागची तिथपर्यंत जाऊन क्रेटर, म्हणजे शेवटी राहणारा खड्डा, भरते. लांब सीमला रन-ऑफ प्लेट (वेल्ड जिच्यावर संपवून नंतर कापून टाकतात ती जादा पट्टी) असते, एक वेळ चालून जातं. गोल सीमला ती सोय नाही, तिथे ग्राइंडिंग वाचलेलं स्पष्ट कळतं. आधी हा खेळ वेल्डर दोन बटणांवर करायचा. "भाऊ, आता हात मोकळे राहतात," म्हणतो.

तक्रारीही आहेत. दुपारी शेडच्या उजेडात स्क्रीन वाचता येत नाही. एसीची जादा केबल गुंडाळून ठेवू नका, हे मॅन्युअलमध्ये ठळक हवं होतं. गुंडाळीमुळे इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) वाढतो आणि वेव्हचा आकार बिघडतो. व्होल्टेज सेन्सची (आर्कचं व्होल्टेज मोजणारी) वायरही प्रत्येक आर्कची स्वतंत्र लागते. सर्व्हिसवाला पुण्याहून येतो आणि फोनवर कायम "सिन्नर फाट्यावर पोचलोच" असतो.

दिवसभर पातळ प्लेट आणि आखूड सीम असतील तर एक वायर पुरे, सेटिंगमध्येच वेळ जाईल. जाड शेल नियमित येत असतील तर जरूर घ्या. मात्र डेमो डीलरच्या सपाट प्लेटवर नको, आपल्या रोटेटरवर (टाकी फिरवणाऱ्या रोलरवर) गोल सीम लावून मागा.