तीर्थनला जाताना: अॅडम्स की एल्क हेअर कॅडिस?

नागपूरहून ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी निघायचं म्हणजे आधी दिल्लीची गाडी, मग रात्रभराची बस, औटला उतरून पुढे बंजार. एवढं करून हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या काठी पोचलो आणि डबीत नेमकी नको ती फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेला नकली किडा, निघाली, तर जीव कळवळतो. म्हणून तरंगणाऱ्या फ्लायपैकी अॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस या दोघींतली कोणती जास्त घ्यावी, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. मी दोन्ही बांधल्यात, दोन्हींवर मासे घेतलेत.

दोन्ही पारखलेल्या. अॅडम्स मिशिगनच्या लेन हॅलाडेने १९२२ मध्ये बांधली, एल्क हेअर कॅडिस अल ट्रॉथने १९५७ मध्ये. पहिली बरीचशी मेफ्लाय या पाणकिड्यासारखी दिसते, तिचे पंख शिडासारखे उभे. दुसरी कॅडिस या पाणकिड्यासारखी, तिचे पाठीवर कौलारू छपरासारखे उतरते.

पाण्यात उतरण्याआधी दोन-चार दगड उलटून पाहा. मी पाहिले तेव्हा एकाच दगडाखाली मेफ्लायची दोन चपटी पिल्लं चिकटलेली होती आणि शेजारी वाळूचे कण रेशमाने जोडून केलेली, तांदळाच्या दाण्याएवढी कॅडिसची घरं. एक घर तळहातावर घेतलं. थोड्या वेळाने त्यातून काळसर डोकं आणि पाय बाहेर आले आणि अळी घरासकट चालू लागली. म्हणजे खाणं दोन्ही प्रकारचं आहे, मासा उपाशी नाही.

फरक पडतो तो वागण्यात. नुकती पंख फुटलेली मेफ्लाय पाण्यावर बसून प्रवाहासोबत वाहत जाते, त्यामुळे अॅडम्सही तशीच वाहावी लागते. दोरीने जराशी ओढली की मासा पाठ फिरवतो. कॅडिस मात्र फडफडते, घसरते, अंडी घालताना पाण्याला टेकून पुन्हा उठते. तिच्या फ्लायला थोडी ओढ बसली तरी बहुतेकदा खपून जातं. आपला सराव तलावाकाठी, फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून झालेला. साठल्या पाण्यात फेक जमते, पण वाहत्या पाण्यात दोरी सैल कशी सोडायची ते कळत नाही. नवख्याला हे फार जाणवतं.

पण माझा निर्णय लागला तो भिजण्यावरून. अॅडम्स तरते ती कोंबड्याच्या ताठ पिसावर. मी सुरुवातीला इथल्याच चिकनच्या दुकानातून पिसं आणली, धुऊन वाळवली, हौसेने डझनभर फ्लाय बांधल्या. त्या कोवळ्या कोंबड्यांच्या पिसांचे तंतू मऊ, पाणी पिणारे. एप्रिलच्या शेवटी, संध्याकाळी मासे वर येऊ लागले आणि माझी फ्लाय तिसऱ्या फेकीला बुडायची. रुमालात दाबा, फुंका, पावडर लावा, पुन्हा फेका. बर्फाच्या पाण्याने बोटं बधिर, गाठ सुटेना. अर्धा तास मासे उसळत होते आणि मी फ्लाय वाळवत होतो. विकतच्या चांगल्या पिसाची अॅडम्स नक्कीच जास्त तरते, तरी मासा लागला की तीही चिंब होते.

एल्क या मोठ्या हरणाचे केस जाड आणि आतून हवेने भरलेले. कॅडिसलाही अंगाला पीस असतं, पण ते भिजलं तरी केस तिला वर धरून ठेवतात. हवेतच दोन फटके मारले की पुन्हा तरंगते, आणि फेसाळ खळाळात फिकट केसांचा तो ठिपका नजरेला सापडतो. केस बाहेरून मागवावे लागतात. पेंचकडच्या जंगलात पडलेले चितळाचे केस मात्र उचलू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते चालत नाही.

संथ, काचेसारख्या डोहात मेफ्लाय निघत असेल, तर माझ्या अनुभवात अॅडम्सच सरस. तिथे कॅडिसकडे मासा येतो, बघतो आणि परत जातो. पण तीर्थनमध्ये मी गळ टाकला तिथे असे डोह थोडे, दगडांमधला खळाळ जास्त. माझ्या डबीत आता १४ आणि १६ नंबरच्या गळावर बांधलेल्या आठ कॅडिस असतात आणि चार अॅडम्स, त्याही विकतच्या.