कॉबलरसाठी ब्लूबेरी की ब्लॅकबेरी?

कॉबलर म्हणजे फळांवर पिठाचे गोळे ठेवून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ. जून निम्मा सरला की आमच्या न्यू जर्सीत पोरांची भुणभुण सुरू होते, "बेरी तोडायला शेतावर कधी जायचं?" ब्लूबेरी तर इथलीच लेक. शेतकरी एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी इथल्याच व्हाइट्सबॉगला रानटी झुडपं निवडून तिची लागवड केली. १९१६ साली पहिलं पीक बाजारात गेलं.

तोडायला ती सोपी. काटे नाहीत, आणि खालचे घोस पाच वर्षांच्या पोराच्याही हाताला येतात. देठाजवळ लालसर कडं दिसलं तर मात्र फळ राहू द्यायचं. तोडल्यावर गोडी वाढत नाही.

ब्लॅकबेरी जुलै-ऑगस्टची. शेतांवर बिनकाट्यांच्या जाती असतात, पण रानटी जाळीत हात घातलात तर करवंदांचे ओरखडे आठवतील. चकचकीत काळं फळ फसवं, आंबट निघतं. तकाकी उतरली आणि हलकेच ओढताच हातात आलं की पिकलं. हे धाकट्याला शिकवेपर्यंत त्याचा सदरा जांभळा झालेला असतो.

कॉबलरची कृती दोन्हींसाठी तीच: तळाला फळं, साखर, लिंबू, वर मैदा-लोण्याच्या पिठाचे गोळे, १९० अंश सेल्सिअसला साधारण पाऊण तास. ब्लॅकबेरीला रस फार सुटतो. कॉर्नफ्लोअर चमचाभर जास्त घाला, नाहीतर खाली सार होतं. बियाही दातांत अडकतात, म्हणून सासूबाई ब्लूबेरीच्या बाजूच्या.

मी ब्लॅकबेरीची. तो गडद आंबटपणा गरम कॉबलरवर आइस्क्रीम वितळताना जो लागतो, तो ब्लूबेरीत नाही. मुलं लहान असतील तर मात्र ब्लूबेरीसाठी जूनमध्येच जा.